ॲडल्ट स्कूलमधून कॉलेजात: कॅलिफोर्नियातला माझा अनुभव

कराडला मी बालवाडीत शिकवत होते. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, सनीव्हेलला आले तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकीनं एकच सांगितलं, "वर्क परमिट येईपर्यंत काही करता येत नाही गं." नोकरी करता येत नाही हे खरं. पण शिकता येतं, आणि त्यासाठी व्हिसा बदलून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. एवढी साधी गोष्ट कितीतरी मुलींपर्यंत पोचतच नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी सुरुवात ॲडल्ट स्कूलमध्ये झाली. हायस्कूल डिस्ट्रिक्टनं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळानं, प्रौढांसाठी चालवलेली ही शाळा. तिच्याबद्दल आपल्या लोकांत एक नाक मुरडणं असतं, "तू तर बी.ए. झालेली, तिथं कशाला जातेस?" बी.ए. मी मराठी माध्यमातून केलं. इंग्रजी वाचून कळायचं, पण तोंड उघडायची वेळ आली की शब्द घशात अडकायचे. तिथं प्रवेशाला कासास नावाची वाचनाची आणि ऐकण्याची चाचणी घेतात आणि त्यावरून वर्ग ठरतो. माझ्या बाकावर इराणमध्ये दातांचा दवाखाना चालवलेली एक बाई होती. तिच्याकडे पाहिल्यावर बी.ए.चा प्रश्न माझ्या डोक्यातून कायमचा गेला.

मला खरा उपयोग झाला तो इंग्रजीच्या वर्गाइतकाच तिथल्या ट्रान्झिशन ॲडव्हायझर बाईंचा. ॲडल्ट स्कूलमधून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांना हात धरून पलीकडे नेणं हेच त्यांचं काम. हे पद कोणाच्या चांगुलपणावर उभं नाही, त्यामागे कायदा आणि पैसा आहे. २००९ च्या मंदीत कॅलिफोर्नियानं शाळा डिस्ट्रिक्टांना प्रौढशिक्षणाचा निधी दुसरीकडे वळवायची मुभा दिली आणि अनेक ॲडल्ट स्कूल आकसल्या, काही बंदच पडल्या. मग २०१३ मध्ये एबी ८६ आणि २०१५ मध्ये एबी १०४ हे कायदे आले. वर्षाला ५० कोटी डॉलर ठेवले गेले, पण अट अशी की त्या त्या भागातल्या ॲडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी सरकारी कॉलेजं) यांनी एक गट करून आराखडा एकत्र आखायचा. आमच्या गटात सनीव्हेल, माउंटन व्ह्यू आणि पालो आल्टो इथल्या शाळा आणि फूटहिल-डी ॲन्झा कॉलेज डिस्ट्रिक्ट आहे. इंग्रजी शिकून झालेला माणूस पुढे कुठं जाणार, हा प्रश्न अशा रीतीनं दोघांचाही झाला. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते.

बाईंनी मला विचारलं, "तिकडे काय करत होतीस?" बालवाडी म्हटल्यावर त्यांनी लगेच चाइल्ड डेव्हलपमेंट परमिटचा, म्हणजे लहान मुलांना शिकवण्यासाठी राज्य देतं त्या परवान्याचा, तक्ता समोर ठेवला. त्यातल्या असोसिएट टीचर या पायरीसाठी बालविकास या विषयाचे १२ सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप) आणि दोन वर्षांच्या आत ५० दिवसांचा अनुभव, दिवसाला किमान तीन तास. डी ॲन्झा क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे सहामाहीऐवजी छोट्या सत्रांवर चालणारं कॉलेज असल्यामुळे ते १८ युनिट होतात.

सगळ्यात जास्त दमवलं ते रेसिडेन्सीनं, म्हणजे आपण राज्याचे रहिवासी आहोत हे सिद्ध करण्यानं. राज्याच्या रहिवाशाला तिथं युनिटमागे ३१ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कैकपट. एच-४ वाल्यांनाही रहिवासी ठरता येतं, मात्र टर्म सुरू होण्याआधी एक वर्षाहून जास्त काळ इथं राहिल्याचे आणि इथंच राहायचा इरादा असल्याचे पुरावे लागतात. आता आपल्या घरातले कागद पाहा. भाड्याचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, बँकेचं खातंही त्याच्याच. बायको कागदावर कुठंच नाही. माझ्याजवळ ड्रायव्हिंग लायसन्स होतं, ते उपयोगी पडलं. बाकीचं जोडखातं आणि दोघांच्या नावानं भरलेला टॅक्स रिटर्न यांवर निभावलं. माझं कळकळीचं सांगणं आहे, आल्या आल्या प्रत्येक कागदावर आपलं नाव घालून घ्या. यात नवऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही.

कॉलेजचा ऑनलाइन अर्ज आम्ही ॲडल्ट स्कूलच्याच संगणकांवर, बाईंच्या शेजारी बसून भरला. वर्ग सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मी गप्पच होते. मग माँटेसरीवरचा तास आला. प्रत्येकानं आपल्या देशातल्या बालशिक्षणाबद्दल सांगायचं होतं. मी ताराबाई मोडकांबद्दल बोलले. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. माझं व्याकरण दहा ठिकाणी चुकलं असेल, पण वर्ग ऐकत होता, आणि तासानंतर प्राध्यापिकांनी 'अंगणवाडी' हा शब्द माझ्याकडून लिहून घेतला. त्या दिवसापासून मला वर्गात बोलायची भीती वाटली नाही.

पुढे नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीनं भरलेला अर्ज, मंजूर झालं होतं म्हणून मला ईएडी, म्हणजे वर्क परमिट, मिळालं आणि एका प्रीस्कूलमध्ये मदतनीस म्हणून लागले. त्याआधी पार्श्वभूमी तपासण्यासाठी बोटांच्या ठशांचं लाइव्ह स्कॅन, टीबीची तपासणी, शिवाय गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशींचा पुरावा द्यावा लागला. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कराडच्या घरात कोणालाच सापडेना. गोवराचं रक्ततपासणीनं सिद्ध झालं, डांग्या खोकल्याची लस पुन्हा टोचून घेतली.

असोसिएट टीचरचं परमिट आता हातात आहे आणि टीचर परमिटसाठी वाचते आहे. त्याला २४ युनिट बालविकासाचे आणि १६ सामान्य शिक्षणाचे लागतात. त्या १६ साठी माझ्या बी.ए.चं मूल्यांकन चालेल, पण त्यासाठी विद्यापीठाची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची अधिकृत नोंद, हवी, आणि ती मिळवायला सध्या धाकटा भाऊ तिकडे खिडक्या पालथ्या घालतो आहे. ज्या मुली अजून निघायच्या आहेत त्यांनी ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन प्रती आणि लसीकरणाचं कार्ड सोबतच्या बॅगेत घेऊनच विमानात बसावं.