शूलपाणीच्या झाडीतलं ओझं

नर्मदा परिक्रमेत ओंकारेश्वर, राजघाट सगळं नीट पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शूलपाणीची झाडी, म्हणजे नर्मदाकाठचं डोंगराळ जंगल लागलं आणि पाठीवरचे हरिपाठाचे गठ्ठे बोलायला लागले. पुस्तिका आमच्या भजनी मंडळाच्या. "ताई, डोंगरात घरोघरी द्या, मोठं पुण्य आहे," असं म्हणणाऱ्यांपैकी चालायला कुणीच आलं नव्हतं.

सरदार सरोवराचं पाणी 138.68 मीटरपर्यंत चढतं. काठाची जुनी वाट त्याखाली गेली, त्यामुळे आता सातपुड्याची एकेक सोंड चढायची, उतरायची, परत चढायची. मैया उजव्या हाताला, खोल खाली, निळीशार. मांड्या भरून आल्या की मला तिचा रागच यायचा. मग कुपीत सोबत घेतलेल्या मैयाच्या पाण्याची संध्याकाळची आरती करताना डोळे भरायचे, तेही तितकंच खरं.

पूर्वी म्हणे इथे मामा लोक, म्हणजे इथले भिल्ल आदिवासी, परिक्रमावासीला अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटायचे. आता तेच मामा हाका मारून चहा पाजतात. भादल गावाच्या पुढच्या एका चढावर मला मनापासून वाटलं, जुन्या पद्धतीचा एखादा मामा भेटावा आणि त्याने निदान गठ्ठे तरी न्यावेत.

कारण पुस्तिका कुणाला हव्याच नव्हत्या. वाटेत भेटणारे परिक्रमावासी बहुतेक आपलेच, मराठी. "अहो, आमचा पाठच आहे!" एका माउलींनी तर स्वतःकडची जुनी प्रतही माझ्या हातात ठेवली, ही पण द्या कुणाला तरी म्हणून. नर्मदे हर.

महाराष्ट्राची हद्द लागली त्या दुपारी टाचेवरचा फोड फुटला. मोजा रक्ताने चिकटला होता. सोबतचे काका पुढे निघून गेलेले. मी दगडावर बसून होते, तर मागून एक पावरा आदिवासी गडी आला, काही न विचारता माझी पिशवी उचलली आणि झपाझप चढायला लागला. "दादा, ओ दादा!" तो थांबेना. आता खरंच मामा भेटला की काय, म्हणून पोटात गोळा आला. पैसे त्याच पिशवीत होते.

टेकडीच्या माथ्यावर त्याचं एकच घर. पिशवी ओसरीला टेकवलेली, बायकोने चुलीवर पाणी ठेवलेलं. मीठ टाकून पाय त्यात बुडवला आणि मी इतक्या मोठ्याने ओरडले की कोंबड्या पळाल्या. मग मक्याची भाकरी, लाल मिरचीची चटणी. पैसे विचारले तर दोघंही माझ्याकडे बघतच राहिले.

म्हणून पुस्तिका काढली. "मला नाही येत, माताजी. पोरीला येतं."

पोरगी आश्रमशाळेतली, घरी आलेली. बोट ठेवून तिने पहिला अभंग वाचला, शाळेतल्या धड्यासारखा, प्रत्येक ओळीला पूर्णविराम देत. मी चालीवर म्हणून दाखवला. तिची आई पावरीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. काय म्हणाली ते मला कुणी सांगितलं नाही.

मग पोरीने पुस्तिका उलटी केली. मागचं पान कोरं. "यावर लिहिलं तर चालंल?"

मला आवडलं नाही. देवाचं पुस्तक ते. पण पाय अजून त्यांच्याच घमेल्यात होता. चालेल म्हटलं. तिने आपलं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, पान संपलं. तेवढ्यात धाकटी भावंडं येऊन उभी राहिली. त्यांनाही कोरं पान हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वाटेत काकांनी गठ्ठा बघितला. ते मंडळाचे खजिनदार. "ताई, एकाच घरात पाच? हिशोब काय द्यायचा?"

"वाचणारे पाच होते," मी म्हटलं. दोघं तर अजून शाळेतही जात नव्हते. पण टाच ठणकत होती, धडगाव लांब होतं आणि काकांच्या पिशवीत एकही पुस्तिका नव्हती.