हातजाळी पोटात फाटते, पण झिजते कडीपाशी

आजचा अख्खा दिवस खाडीवरच्या हातजाळीच्या दुरुस्तीत गेला. गळाला लागलेला मासा उचलून घ्यायची, ती दांडीची जाळी. पोटात तळहाताएवढं भोक होतं. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, तो उसळला की दोरा कापलाच.

भोक आहे तसं विणायला घेऊ नका. आधी अर्धवट तुटलेली घरं, म्हणजे जाळीचे चौकोन, कात्रीने मोकळी करा. सुरुवात आणि शेवट तीन धागे शिल्लक असलेल्या गाठीवर व्हायला हवा, मधल्या प्रत्येक गाठीला दोनच धागे ठेवायचे. हे चुकलं की शेवटी एक घर कमी-जास्त पडतं आणि जाळी तिथे चुणते. घरांचं माप बांबूच्या चपट्या पट्टीवर घ्या, डोळ्यांवर भरवसा नको. दोरा पीळदार नायलॉनचाच. तंगुसाची, म्हणजे एकेरी गुळगुळीत नायलॉन तारेची, गाठ सरकते. प्रत्येक गाठ ओली करून आवळायची.

खरी झीज मात्र कडीवर, म्हणजे जाळीचं तोंड ज्यावर बसवलेलं असतं त्या कड्यावर. जेटीच्या दगडाला घासून तिथले दोरे लोकरीसारखे पिंजले होते. ते बदलून वरून प्लास्टिकची नळी लांबीत चिरून चढवली, चीर आतल्या बाजूला. हे नव्या जाळीलाही पहिल्याच दिवशी करावं.

तळाला ५० ग्रॅमचं शिसं बांधलं, म्हणजे भरतीच्या ओढीत पिशवी उलटत नाही. आणि मासा आत आला की दांडी उभी धरून वर घ्या. आडवी धरून उचललीत तर कडीजवळची ॲल्युमिनियमची मान वाकते.