घरातल्या वाय-फायची हजेरी

दादरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात वाय-फायला नेमकी किती उपकरणे जोडलेली आहेत, हे गेल्या पावसाळ्यापर्यंत मला सांगता आले नसते. सहा-सात नावे मी खात्रीने घेतली असती. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, मोजली तेव्हा अकरा निघाली.

पहिला प्रयत्न मी पिंगने, म्हणजे ‘आहेस का?’ असे एखाद्या पत्त्याला विचारणाऱ्या आज्ञेने केला आणि तो अपुरा ठरला. भावाचा विंडोज लॅपटॉप समोर चालू असूनही उत्तर देत नव्हता, कारण त्याची फायरवॉल पिंगच्या विनंत्या अडवत होती. एआरपीची (अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल) गोष्ट वेगळी आहे. १९८२ साली मांडल्या गेलेल्या या नियमानुसार, स्थानिक नेटवर्कवर कोणाला काही पाठवायचे असेल तर आधी ‘हा आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरणाला मिळालेला क्रमांक) कोणाचा?’ असे सर्वांना विचारावे लागते आणि ज्याचा तो पत्ता आहे त्याने आपला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क चिपची ओळख, कळवावा लागतो. हे उत्तरच दिले नाही तर त्या उपकरणाचा आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी पण प्रचलित पद्धत) वरचा व्यवहार थांबतो, म्हणून पिंगला गप्प राहणारी उपकरणेही इथे सहसा बोलतात. एआरपी-स्कॅन ही आज्ञा ‘लोकलनेट’ पर्यायासह चालवली की घरगुती नेटवर्कचे २५४ पत्ते काही सेकंदांत तपासून होतात. एनमॅप या दुसऱ्या स्कॅन-साधनाचा ‘एसएन’ पर्यायही स्थानिक नेटवर्कवर एआरपीच वापरतो, मात्र आज्ञेआधी सुडो लावून तिला प्रशासकाचे अधिकार दिले तरच. ते विसरल्यास तो ८० आणि ४४३ या वेबसाठीच्या पोर्टांवर (उपकरणाच्या क्रमांकित दारांवर) जोडणी करून पाहतो आणि यादी अपुरी येण्याची शक्यता वाढते.

यादी मिळाली तरी ओळख पटवणे हे खरे काम आहे. मॅक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून उत्पादक कळतो, पण तो बहुधा नेटवर्क चिपचा असतो. ‘एस्प्रेसिफ’ हे नाव पाहून मी बराच वेळ शोधत राहिलो आणि शेवटी तो गीझरचा स्मार्ट प्लग निघाला. फोनांचे तर उत्पादकही कळत नाहीत, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा स्वतःच बनवलेला, यादृच्छिक मॅक पत्ता वापरतात. अशा पत्त्यातले दुसरे चिन्ह (मॅक पत्त्यात अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही असतात) २, ६, ए किंवा ई असते, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो फोन कोणाचा, हे मात्र एकेकाचे वाय-फाय बंद करून पुन्हा स्कॅन करूनच ठरवावे लागते.

एका स्कॅनवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपलेला फोन एखाद्या फेरीत सुटतो. म्हणून क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, दर पंधरा मिनिटांनी स्कॅन करून मॅक पत्ते क्रमाने लावून फाइलमध्ये ठेवतो आणि ‘कॉम’ या आज्ञेने ओळखीच्या पत्त्यांच्या यादीशी ताडून फक्त नवे तेवढे पाहतो. हे सर्व केवळ स्वतःच्या नेटवर्कवर करावे. कार्यालयात परवानगीशिवाय करू नये.

दहा उपकरणांची ओळख दोन दिवसांत पटली. अकरावे रोज दुपारी दोनच्या सुमारास येई आणि चारला जाई. शेवटी आईला वेळा सांगितल्या, तेव्हा तिने लगेच ओळखले: जुलैच्या पावसात शेजारच्या काकूंचे इंटरनेट बंद पडले होते, तेव्हा तिनेच त्यांना पासवर्ड दिला होता. आता त्या पत्त्यापुढे फाइलमध्ये ‘काकू’ असे लिहिले आहे.