तुम्ही विचारलंत म्हणून : तो फोटो आम्ही भिंतीवरून का उतरवला

आमच्या फलटणच्या छायाचित्र गटात नवा सदस्य आला की पहिल्या काही बैठकांतच तो हा प्रश्न विचारतो, आणि जुने सदस्य तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी विचारतात : पहिले पारितोषिक मिळालेला फोटो तुम्ही वारीचे प्रदर्शन चालू असताना का उतरवलात? कोणाला वाटते की दिंडीवाल्यांनी गोंधळ घातला असेल, कोणाला वाटते की सभागृह काढून घेण्याची धमकी आली असेल, आणि काहींनी मला तोंडावर सांगितले आहे की बाईमाणूस असल्यामुळे मी भावनेच्या भरात निर्णय घेतला. यांतले काहीही झाले नव्हते. आजवर मी प्रत्येकाला दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होत आले, पण ते उत्तर दोन वाक्यांत मावत नाही आणि न मावलेल्या भागातूनच अफवा तयार होतात, म्हणून आता सगळे लिहून ठेवते.

गट चालवणारे आम्ही तिघे आहोत आणि तिघांपैकी कोणाचेही पोट कॅमेऱ्यावर चालत नाही. एकाचे औषधांचे दुकान आहे, एक निवृत्त शिक्षक आहेत आणि मी पतसंस्थेत नोकरी करते. वर्गणी गोळा करणे, परीक्षक बाहेरगावचे शोधणे, प्रवेशिकांवरची नावे झाकून त्यांना क्रमांक देणे, बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंट करून आणणे, त्या बोर्डावर चढवून तंगुसाने टांगणे, आणि ज्यांचा फोटो निवडला गेला नाही त्यांचा राग ऐकून घेणे, हे आमचे काम. या कामाला सदस्य व्यवस्थापन म्हणतात आणि व्यवस्थापनाने कलेत लुडबूड करू नये असे त्यांचे म्हणणे असते. मला ते कधीच पटलेले नाही. फोटो काढणारा एक असतो, पण तो चारचौघांत मांडणारे आम्ही असतो, आणि त्या मांडण्याची जबाबदारी फोटो काढणाऱ्याच्या खांद्यावर ढकलून देता येत नाही.

माउलींची पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला असते, तेव्हाच आमचे वारीचे प्रदर्शन भरते, आणि त्यात आदल्या वर्षीच्या वारीतले फोटो असतात. प्रदर्शनासाठी ही वेळ निवडण्याचा आग्रह माझाच होता. वारीचे फोटो पुण्या-मुंबईच्या कलादालनांत लागतात आणि ज्यांचे फोटो असतात ते लोक तोवर आपापल्या शेतात परतलेले असतात, याचा मला फार राग यायचा. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण झाले, तरडगावचा मुक्काम उरकला आणि दिंड्या आमच्या गावात शिरल्या की वारकऱ्यांनी संध्याकाळी सभागृहात यावे, भिंतीवर आपली दिंडी शोधावी, आपल्या गावचा विणेकरी ओळखावा, अशी माझी कल्पना होती. तसे घडतही होते. लोक येत, बोट ठेवून एकमेकांना दाखवत, क्वचित कोणी हात जोडून उभे राहत. पुढे जे झाले ते या कल्पनेमुळेच झाले, हे मला मान्य आहे, पण म्हणून ती कल्पना चुकीची होती असे मी म्हणणार नाही.

२०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, २०२१ मध्येही नेहमीसारखी पायी वारी झाली नाही, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा गर्दी जशी वारकऱ्यांची होती तशी कॅमेऱ्यांचीही होती. त्या वर्षीचा हा फोटो. काढणारे आमचे ज्येष्ठ सदस्य. आम्ही त्यांना सर म्हणतो, कारण गटातल्या निम्म्या लोकांना हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, वाचायला आणि प्रिंटसाठी रंग जुळवायला त्यांनीच शिकवले. पहाटे साडेतीनच्या सुमारास मैदानाच्या कडेला पाण्याच्या टँकरपाशी एक म्हातारी वारकरी बाई आंघोळ करते आहे. अंगावरचे लुगडे ओले आहे, पाठ अर्धी उघडी आहे, तोंड वर करून ती केस पिळते आहे. वळणाऱ्या ट्रकच्या उजेडात पाण्याचे थेंब हवेत थांबले आहेत, आणि चिखलाचा शिंतोडा लागू नये म्हणून तिने विटेवर ठेवलेले तुळशीवृंदावन उजव्या कोपऱ्यात आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नाव न पाहता त्याला पहिला क्रमांक दिला. मीही पाहिला होता आणि मला तो आवडला होता. आमच्या भिंतीवर त्या तोडीचा दुसरा फोटो आजवर लागलेला नाही, हे माझे मत आजही कायम आहे.

आता त्या संध्याकाळविषयी. सात वाजून गेले होते, सभागृहात बरीच वर्दळ होती, आणि परभणीकडच्या एका दिंडीतल्या पाच-सहा बाया आत आल्या. त्यांतली एक जण बाकीच्यांना सोडून पुढे गेली आणि त्या फोटोपाशी थांबली. मग मागे वळून तिने हाक मारली आणि बाकीच्यांनी एका म्हातारीला दंडाला धरून पुढे आणले. मी प्रवेशद्वाराशी टेबलावर होते. काहीतरी घडते आहे हे मला त्यांच्या बोलणे थांबण्यावरून कळले. मी जवळ गेले तेव्हा ती म्हातारी फोटोकडे पाहत नव्हती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता आणि ती आजूबाजूला कोण कोण पुरुष उभे आहेत ते पाहत होती. मी नमस्कार केला, गटाचे नाव सांगितले, तुमच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले आहे असेही सांगितले. ते वाक्य मी कौतुक म्हणून बोलले होते. तिने मला हळू आवाजात विचारले, “अंधार व्हता की माय. दिसलं कसं?”

सर तिथेच होते. ते पुढे आले, त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले, आणि वारीची सगळी श्रद्धा मला त्या क्षणी तुमच्यात दिसली असे अगदी मनापासून सांगितले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी तिला एक प्रिंट भेट देऊ केली. ती म्हणाली, “घरी कुठं लावू लेकरा? जावई येतो, नातू येतो.” सरांनी तिला समजावले की यात वाईट काही नाही, ही कला आहे, लोक तुम्हाला देवीसारखे पाहत आहेत. ती ऐकत होती. तिने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही, शाप दिला नाही. सर बोलायचे थांबल्यावर ती माझ्याकडे वळली आणि “काढ ते” एवढेच म्हणाली. मी औषधवाल्या सहकाऱ्याकडे पाहिले, त्याने मान हलवली, शिक्षकांना आम्ही फोन केला आणि ते म्हणाले की तुम्ही दोघे तिथे आहात तर तुम्हीच ठरवा. मी तंगूस कापून फोटो खाली घेतला. एवढ्या वेळात तिच्याबरोबरच्या बाया तिच्याभोवती कोंडाळे करून उभ्या होत्या.

सरांनी मला त्या रात्री आणि नंतर अनेकदा जे विचारले तेच तुम्ही विचारता, म्हणून त्यांचे मुद्दे त्यांच्याच ताकदीने मांडते. मैदान सार्वजनिक आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक सामान्यतः तो काढणाराच असतो. फोटोत अश्लील काही नाही, तिची थट्टा नाही, उलट आदर आहे. आणि एका व्यक्तीच्या सांगण्यावरून एक फोटो उतरवला तर उद्या रिंगणात धावणारा, परवा फुगडी घालणारी, तेरवा पावलीत रंगलेला म्हातारा येऊन उतरवा म्हणेल, तेव्हा भिंत रिकामी ठेवणार का?

यांतल्या पहिल्या मुद्द्याचेच उत्तर माझ्याकडे पक्के आहे. मैदान सार्वजनिक होते, पण पहाटे साडेतीनची वेळ त्या बायांनी निवडलेली होती. वारीत आता फिरती शौचालये आली आहेत, काही ठिकाणी न्हाणीघरेही उभारतात, पण लाखो माणसांच्या मुक्कामात बायांना आडोसा कधीच पुरत नाही, म्हणून त्या उजाडण्याआधी उठतात आणि अंधारालाच भिंत मानतात. पूर्वी आयएसओ चारशेची फिल्म घालून (आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील याचे माप) त्या अंधारात कॅमेरा हातात धरून असा फोटो निघालाच नसता. सरांचा फोटो आयएसओ १२८०० वर काढलेला आहे, म्हणजे त्या फिल्मपेक्षा पाच स्टॉपांनी, म्हणजे बत्तीस पटीने, अधिक संवेदनशील. शेजारी उभ्या माणसाला जे दिसत नव्हते ते त्या सेन्सरला दिसले. तिचा प्रश्न तोच होता, आणि तो कायद्याच्या किंवा कलेच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा नेमका होता. ज्या गोष्टीने ती झाकलेली आहे असे तिला वाटत होते तीच आपल्या यंत्राने काढून घेतली, आणि ते तिला सांगितले नाही. एवढे कळल्यावर फोटो भिंतीवर ठेवणे मला शक्य नव्हते. यात भावनेचा भर कुठे आहे ते मला दाखवून द्या.

बाकीच्या मुद्द्यांना माझ्याकडे असे उत्तर नाही. रिंगणात धावणारा उद्या आला तर मी काय करीन? बहुधा त्याच्याशी बोलेन, त्याचे कारण ऐकेन, आणि कदाचित फोटो ठेवीन. म्हणजे मी माणसामाणसांत फरक करते आहे, आणि तो कोणत्या नियमाने करते आहे ते मला मांडता येत नाही. शिवाय नवख्यांच्या वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे की आधी परवानगी मागितली की माणूस कॅमेऱ्यासाठी उभा राहतो आणि जे घेण्यासाठी तुम्ही गेला होतात ते नाहीसे होते. हे तेव्हाही खरे होते, आजही खरे आहे. ज्या फोटोंवर माझे प्रेम आहे ते जवळजवळ सगळे न विचारता काढलेले आहेत, आणि तेव्हाची मी या प्रसंगात सरांच्या बाजूने उभी राहिली असती. त्या म्हातारीशी मी मनात पुष्कळ भांडले आहे. ती म्हणते, काढताना विचारू नकोस, पण लावण्याआधी विचार. मी म्हणते, परभणीच्या कोणत्या गावातली ते माहीत नसताना कोणाला विचारू? ती म्हणते, मग लावू नकोस. मी म्हणते, मग वारीचा एकही फोटो लागणार नाही. इथे आम्ही दोघी थांबतो.

पारितोषिक परत का घेतले नाही, हेही विचारले जाते. ते परीक्षकांनी दिले होते, प्रवेशपत्रात तेव्हा तसा कोणताही नियम नव्हता, आणि सरांनी नियम मोडलेला नव्हता. त्यांनी मात्र त्याच आठवड्यात आपल्या उरलेल्या प्रिंट नेल्या आणि ते पुन्हा बैठकीला आले नाहीत. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. हे नुकसान लहान नव्हते; प्रिंटचे रंग आजही कोणी तसे जुळवत नाही, आणि मी रस्त्यात त्यांना भेटले तर आम्ही पावसापाण्याविषयी बोलतो. तुम्ही मला विचारता की एका अनोळखी बाईसाठी तुम्ही गटातला उत्तम माणूस घालवलात का. हो, तसेच झाले. मला त्याचे वाईट वाटते आणि तरीही मी तो फोटो पुन्हा उतरवीन.

पुढच्या वर्षीपासून प्रवेशपत्रात आम्ही एक ओळ घातली : आंघोळ, कपडे बदलणे, झोप किंवा उपचार चालू असताना काढलेले, चेहरा ओळखू येणारे फोटो त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय स्वीकारले जाणार नाहीत. त्याचा परिणाम तुम्ही भिंतीवर पाहिला आहे. दिवे घाटाचा वरून घेतलेला नागमोडी रस्ता, पुरंदवड्याच्या रिंगणातली धूळ आणि अश्व, छत्र्यांची रांग, सुरकुतलेले हात. गेल्या प्रदर्शनात सुरकुतलेल्या हातांनी आख्खी एक भिंत भरली होती. सगळे निर्दोष आणि सगळे एकसारखे. थकवा, चिखल, ताप, पायाला बांधलेल्या चिंध्या, तंबूत दाटीवाटीने झोपलेली माणसे, म्हणजे वारी ज्याने बनते त्यातले बरेचसे, आमच्या ओळीने बाहेर ठेवले आहे. सरांनी हे आधीच सांगितले होते आणि यात त्यांचे बरोबर ठरले आहे. पण वारी अपुरी दिसते या कारणासाठी त्या म्हातारीने भिंतीवर राहायला हवे होते, असे मला अजून म्हणवत नाही.

औषधवाल्या सहकाऱ्याने आता प्रस्ताव मांडला आहे की झोप आणि उपचार हे शब्द ओळीतून काढावेत आणि फक्त आंघोळ व कपडे बदलणे ठेवावे. शिक्षकांचे म्हणणे आहे की ओळच नको, प्रत्येक फोटोवर आम्ही तिघांनी बसून बोलावे. मला दोन्ही पटत नाहीत. तिघांनी बसून बोलण्यात कोणाच्या ओळखीचा फोटो आहे हे मध्ये येईल, आणि आजारी माणसाला सलाइन लावलेले असताना त्याला तरी कॅमेरा कुठे दिसतो? येत्या बैठकीत मत घ्यायचे आहे. ज्यांनी मला हा प्रश्न विचारला त्या सगळ्यांनी त्या दिवशी यावे, आणि जमल्यास सरांनाही घेऊन यावे. मी बोलावले तर ते येणार नाहीत.