ढलप्यांवर बंब पेटवताना

डिसेंबरात ऐन थंडीत गिझर बंद पडला. मेकॅनिक रोज "उद्या येतो" म्हणत होता, म्हणून आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब माळ्यावरून उतरवला. तोटीच्या बुडाशी पाणी झिरपत होतं, तेव्हा भांडी बाजारात नेऊन डाख मारून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून आणला. तांबट म्हणाला, "आधी पाणी, मग जाळ. रिकामा पेटवलात तर परत माझ्याकडेच याल." त्यात तथ्य आहे. पाणी असेपर्यंत तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नसलं की तांब्याला काही होत नाही, पण कथील-शिशाचा डाख दोनशेच्या आतच वितळायला लागतो.

सरपण घरात होतंच. किचनच्या सुतारकामातून उरलेल्या ढलप्यांची दोन पोती, आणि निफाडहून चुलतभावाने पाठवलेल्या द्राक्षछाटणीच्या काड्या. पहिल्या दिवशी बंबाच्या मधलं जाळाचं नळकांडं ढलप्यांनी गच्च भरलं. बारीक लाकूड चहूबाजूंनी एकदम पेट घेतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पाच मिनिटांत घूं घूं आवाज सुरू झाला, जाळ नळकांड्याच्या तोंडातून हातभर वर आला आणि वरची टॉवेलची नायलॉनची दोरी वितळून तुटली. गारठा नको म्हणून न्हाणीघराची खिडकीही लावून घेतलेली. डोळ्यांतून पाणी, डोकं जड. दार उघडून आत्या ओरडली, "अरे, बंब पेटवलास की होळी?"

धुराला उग्र वास होता तो प्लायवुडच्या तुकड्यांमुळे. त्यातला डिंक आणि वरचा सनमायका जळायच्या लायकीचे नसतात. त्या संध्याकाळी पोती अंगणात ओतून प्लाय, रंगवलेलं, पॉलिश केलेलं सगळं बाजूला काढलं. जेमतेम एक पोतं उरलं! बंबही मागच्या अंगणात हलवला. डोकं जड होणं नुसत्या धुराचं नसतं. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, आणि त्याला ना रंग ना वास.

आता खाली बाभळीची एक जाड फोड, तिच्याभोवती मूठभर ढलप्या, मध्ये हवेला जागा. जाळ बसला की पुढची मूठ, तीही चिमट्याने आणि तोंड बाजूला ठेवून. पोत्याच्या तळाचा भुसा कधीच नाही, तो भप्पकन उडतो. माझ्या उजव्या भुवईला विचारा. द्राक्षाच्या काड्या ओल्या असतील तर नुसता धूर होतो आणि नळकांड्यात काजळी चढते, पुढे तीच पेटायची भीती. म्हणून एक काडी मोडून बघतो: कट्‌कन तुटली तर आत, वाकली तर परत उन्हात. पोतं बंबापासून चार हात लांब.

एवढं सांभाळूनही आठवड्याने गाफील राहिलो. सकाळची राख दुपारी प्लास्टिकच्या बालदीत भरली. वरून गार, करडी, निरुपद्रवी. आतले निखारे जिवंत होते. चहा पिऊन येईतो बालदीच्या बुडाला वाटीएवढं भोक, आणि फरशीवर काळा डाग. तो अजून आहे. आत्याने काही न बोलता तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा आणून समोर ठेवला, झाकणासकट. राख आता दोन दिवस त्यातच असते, मग भांडी घासायला.