आमची वाटचाल : पिच विचारायचा नाही, ठरवायचा

आमच्या कारखान्याची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. लाकडी प्रोपेलरच्या पात्यांची कड खडीने झिजते, वॉर्निश उडते. ते नीट करायचे, तोल साधायचा आणि परत द्यायचे. पुढे हौशी मंडळींनी स्वतः बांधलेल्या हलक्या विमानांसाठी नवे प्रोपेलर घडवू लागलो आणि पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर हिशेबाने किती पुढे जाईल याचा, रोजचा प्रश्न सुरू झाला : "पिच किती ठेवू?" त्यामानाने लाकूड कोरणे सोपे.

हबवर, म्हणजे पाती जिथे जुळतात त्या मधल्या भागावर, ७२ × ४८ असे आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. हवेतली घसरण धरली नाही तर एका फेऱ्यात असा प्रोपेलर ४८ इंच पुढे जाईल. २,७०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) हा हिशेब ताशी सुमारे १९७ किलोमीटर येतो. इथेच गिऱ्हाइकाला मोह होतो : पिच वाढवला की वेग वाढणार! पण हवा म्हणजे काही नटाचे आटे नव्हेत. शिवाय कोणी पिच पात्याच्या सपाट बाजूवरून मोजतो, कोणी पात्याच्या छेदाचा आकार धरून. त्यामुळे आमचे ४८ आणि दुसऱ्याचे ४८ एकच असतील असे नाही.

म्हणून ऑर्डर घेताना आम्ही पिच विचारतच नाही. इंजिन कोणते, धावपट्टी केवढी, बहुतेक वेळा एकटे उडता की दोघे, हे विचारतो. सगळ्यांत मोलाचे उत्तर म्हणजे, सध्याच्या प्रोपेलरवर सरळ सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर देऊन, आरपीएम किती मिळतात? कॉन्टिनेंटल ओ-२०० हे इंजिन आपली १०० अश्वशक्ती २,७५० आरपीएमला देते. पिच जास्त असल्याने ते २,५०० च्या पुढे जातच नसेल, तर पैसे मोजलेली शक्ती इंजिनातच राहते, धाव लांबते, चढ मंदावतो. उलट पिच फार कमी असेल तर चढ झकास, पण सपाट उड्डाणात लाल रेघ (इंजिनाची आरपीएमची कमाल मर्यादा) ओलांडू नये म्हणून थ्रॉटल सतत मागे ओढावा लागतो. अशा गिअर नसलेल्या इंजिनांवर एक इंच पिचमागे ढोबळमानाने ५० ते ७५ आरपीएमचा फरक धरतो. लांब धावपट्टी असेल तर पहिला प्रोपेलर किंचित जास्त पिचचाच देतो. चाचणीनंतर पात्याचे लाकूड काढून पिच उतरवता येतो, चढवणे जमत नाही.

नंतर रोटॅक्स ९१२ वाले आले आणि जमिनीवर कोन बदलता येणाऱ्या कंपोझिट पात्यांचे काम सुरू झाले. त्या इंजिनाला ५,८०० आरपीएम पाचच मिनिटे चालतात, सलग ५,५००. सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला आकडा या दोहोंच्या मधे पडेल असा कोन बसवतो. सगळ्या पात्यांचा कोन मात्र काटेकोर सारखा हवा, नाहीतर थरथर सुटते.

टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या नमुन्याला सरकारी मंजुरी, असलेल्या विमानांची कामे घेत नाही. त्यांना कोणते प्रोपेलर चालतात हे कागदावर ठरलेले असते, आणि तिथे आमची मते कोणी विचारू नयेत हेच बरे.

चाचणीचे आकडे पाठवण्याआधी आपला आरपीएमचा काटा तपासून घ्या, हा आमचा आग्रह. जुना काटा शंभराने चुकत असेल, तर एक-दोन इंच पिचचा घोळ तिथेच होतो. आम्ही पात्यांकडे रोखून वाचायचा ऑप्टिकल टॅकोमीटर वापरायला देतो. त्यावर पात्यांची संख्या आधी लावा. तीन पात्यांच्या प्रोपेलरला दोनची खूण राहिली, तर आकडा दीडपट दिसतो.