वाळुंजाची फांदी

माझी भाची संभाजीनगरला फॉइल (तलवारबाजीतले एक हलके, लवचिक शस्त्र) खेळते, हे एक वाक्य मी घरमालकांपुढे सहज बोलून गेलो आणि तीन वर्षांत जिन्यातल्या भेटीत हवामानापलीकडे कधी न गेलेले हे वृद्ध गृहस्थ रविवारी सकाळी गाडीची किल्ली घेऊन माझ्या दारात उभे राहिले. जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्गपासून जवळच टाउबरबिशोफ्सहाइम नावाचे गाव आहे. ते पाहिल्याशिवाय मी फॉइलविषयी बोलूच नये, असे त्यांचे मत होते.

हे गाव आपल्याकडच्या बऱ्याच तालुक्याच्या गावांपेक्षा लहान आहे. तिथल्या एमिल बेक या केशकर्तनकाराने चित्रपटगृहातल्या वार्तापटात तलवारबाजी पाहिली आणि पुढे 1954 मध्ये गावातच ती सुरू केली. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या फॉइलची तिन्ही वैयक्तिक पदके याच गावच्या क्लबच्या मुलींनी नेली : आन्या फिख्टल सुवर्ण, झबीने बाऊ रौप्य, झिटा फुंकेनहाउझर कांस्य. आमचे वडील वाडेकरांच्या 1971 च्या संघाची नावे ज्या सुरात घेत, त्याच सुरात घरमालक ही नावे घेत होते. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये महिलांना फॉइलखेरीज दुसरे शस्त्रच नव्हते, एपे ही दुसरी तलवार 1996 मध्ये आली, त्यामुळे जगातल्या साऱ्या उत्तम खेळाडू एकाच शस्त्रात एकमेकींसमोर येत, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले.

त्यांची खरी दुखरी जागा मात्र निराळी होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत फॉइलचे लवचिक पाते चाबकासारखे झटकून त्याचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून पाठीवर उतरवण्याचा फटका, म्हणजे फ्लिक, फार बहरला होता. तो दाखवण्यासाठी त्यांनी आधी छत्री उगारली. पण छत्री वाकेना. तेव्हा प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यासाठी असलेल्या पिवळ्या पिशवीत काचेची बाटली टाकली म्हणून मला लेखी चिठ्ठी देणाऱ्या या माणसाने टाउबर नदीच्या काठावरच्या वाळुंजाची एक ओली फांदी खुशाल तोडली, माझ्यासमोर दोन पावलांवर उभे राहून मनगट झटकले आणि फांदीचे टोक माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पाठीवर येऊन बसले. मी दचकलो, हे सांगायला नकोच.

फॉइलचा स्पर्श धरला जावा यासाठी टोकावर किमान 500 ग्रॅम भाराइतका दाब पडावा लागतो. पूर्वी तो 1 ते 5 मिलिसेकंद टिकला तरी स्पर्श नोंदवणारा दिवा लागे. 2005 पासून ही मर्यादा 14-15 मिलिसेकंदांवर गेली आणि पाठीवर निसटता बसणारा फ्लिक बव्हंशी वाया जाऊ लागला. दहा-बारा मिलिसेकंदांसाठी एक कला मारली, असे ते वीस वर्षांनंतरही तावातावाने सांगतात. फॉइल हे टोचण्याचे शस्त्र आहे, फटकारण्याचे नव्हे, तेव्हा नियम योग्यच होता, असे मी म्हणालो. ते गप्प झाले. मग मला उगाचच जोर चढला आणि मी दांडपट्ट्याचा विषय काढला. वास्तविक मी पट्टा शिवजयंतीच्या मिरवणुकीतच पाहिलेला आहे, हातात कधी धरलेला नाही. पण आमच्या शाळेत खो-खो आणि क्रिकेट याखेरीज काही शिकवतच नव्हते, त्याला मी काय करणार?

परतताना ते 1982 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेविषयी बोलले. याच गावच्या माथियास बेरचे पाते लढतीत तुटले, सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर स्मिर्नोव्हचा मास्क भेदून गेले आणि 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकचा तो विजेता काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर पाती, मास्क आणि पोशाख यांचे निकष कडक झाले. भाचीच्या 800 न्यूटनच्या (पाते सहजी भेदू शकणार नाही अशा) जॅकेटची किंमत ऐकून मी ताईला फोनवर जे काही बोललो होतो, ते मला गाडीत आठवत राहिले.

रात्री भाचीला सगळे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “मामा, फ्लिक अजून मारतात. पाते जरा जास्त वेळ टेकवावे लागते, एवढेच. आमचे सर शिकवतात.” घरमालकांना मी हे अजून सांगितलेले नाही. फांदी त्यांनी जिन्यातल्या छत्रीच्या डब्यात उभी करून ठेवली आहे.